रकान्याला त्याच्या आतल्या माहितीचे नाव द्या

प्रति,
मा. प्रधान सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई



शासनाच्या ऑनलाइन अर्जांबद्दलच्या तक्रारी बहुतेक वेळा सर्व्हर बसल्याच्या, ओटीपी न आल्याच्या, नाहीतर फोटो किती केबीचा हवा याच्या असतात. त्या रास्त आहेत, पण हे पत्र त्यांच्यासाठी नाही. अर्जातल्या प्रत्येक रकान्याला दोन नावे असतात. एक पडद्यावर दिसते, त्याला लेबल म्हणतात. दुसरे पानाच्या कोडमध्ये असते आणि अर्ज भरणाऱ्याला ते दिसत नाही. सबमिटचे बटण दाबले की लेबल पानावरच राहते. ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतो तो आतल्या नावासकट भरलेला मजकूर. पुढे डेटाबेस, दाखल्याचा साचा, दुसऱ्या खात्याशी होणारी देवाणघेवाण हे सगळे त्या आतल्या नावावर चालते. आणि ते नाव ठरते बहुधा ज्याच्या वाट्याला तो अर्ज आला त्या प्रोग्रामरच्या त्या दिवशीच्या मर्जीने. माझे म्हणणे असे की हे नाव रकाना कागदावर कुठे होता यावरून न ठेवता त्यात कोणती माहिती आहे यावरून ठेवावे, आणि अशा नावांचा एकच कोश ठरवून शासनाने तो सर्व खात्यांना बंधनकारक करावा. (संगणकात ही नावे रोमन लिपीत असतात, वाचकांच्या सोयीसाठी इथे ती नागरीत लिहिली आहेत.)

माणसाच्या नावापासूनच पाहू. 'फर्स्ट_नेम', 'मिडल_नेम', 'लास्ट_नेम' हे त्रिकूट आपल्याकडे सॉफ्टवेअरबरोबर आयते आले. ते ज्या समाजातून आले तिथे मधले नाव हे सहसा त्याच व्यक्तीचे आणखी एक नाव असते. आपल्याकडे त्या जागी वडिलांचे नाव येते, लग्नानंतर बहुतेक बायकांच्या बाबतीत नवऱ्याचे. म्हणजे मधल्या रकान्यात नाते भरले जाते, आणि 'मिडल_नेम' हा शब्द त्या नात्याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त जागा सांगतो. स्वयंपाकघरातल्या डब्यावर 'साखर' न लिहिता 'दुसरा कप्पा' अशी चिठ्ठी लावावी, तसे हे आहे. डबा हलला की चिठ्ठी खोटी. कागदी अर्जात हे खपून गेले, कारण वाचणारा कारकून 'सौ.', 'श्रीमती', 'कुमारी' पाहून मधले नाव कोणाचे ते ओळखत असे. प्रोग्रामला ते ओळखता येत नाही. एका खात्याचा 'मिडल_नेम' दुसऱ्या खात्याच्या 'फादर_नेम'मध्ये ओतला जातो तेव्हा विवाहित बाईचा नवरा तिचा बाप होऊन बसतो, आणि कुठलीही यंत्रणा त्यावर लाल दिवा लावत नाही, कारण दोन्हीकडे मजकूर आहे आणि रकाना रिकामा नाही.

हा डबा शासनानेच हलवला आहे. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदवायचे ठरले. शाळाप्रवेशाचा अर्ज, शैक्षणिक प्रमाणपत्रे, शिधापत्रिका, सेवापुस्तक, मालमत्तेची कागदपत्रे असा त्याचा पसारा आहे. निर्णय चांगला आहे आणि मला त्यावर वाद घालायचा नाही. प्रश्न असा की ज्या अर्जात मधली जागा एकच आहे तिथे आईचे नाव कुठे जाणार? तीन वाटा डोळ्यांसमोर येतात. एक प्रोग्रामर 'मिडल_नेम'मध्येच दोन्ही नावे मोकळी जागा सोडून भरायला सांगेल. दुसरा 'मिडल_नेम_२' असा नवा रकाना काढेल. तिसरा आईचे नाव मुलाच्या नावाशेजारी 'फर्स्ट_नेम'मध्ये बसवेल. तिन्ही वाटांनी दाखला बरोबरच छापला जाईल, म्हणून त्या दिवशी कोणाच्याच काही लक्षात येणार नाही. काही वर्षांनी शाळेची नोंद आणि शिधापत्रिका ताडून पाहायची वेळ आली की तीच चार नावे एकीकडे दोन अधिक एक अधिक एक, तर दुसरीकडे एक अधिक दोन अधिक एक अशी पडलेली दिसतील. मोकळ्या जागेवरून तोडायचे म्हटले तर नावामागे 'बाई' किंवा 'राव' स्वतंत्र लिहिणारी घरे काही कमी नाहीत. उलट पहिल्यापासून 'मदर_नेम' आणि 'फादर_नेम' असे रकाने असते तर हा शासन निर्णय अमलात आणायला दाखल्याच्या साच्यातली एक ओळ बदलणे पुरले असते. माहिती जिथल्या तिथे राहिली असती, छपाईचा क्रम तेवढा बदलला असता.

नाव ठेवताना 'कोणाचे?' हा प्रश्न विचारावा लागतो आणि तो वेळेवर विचारला की अर्जातली भोके आधी दिसतात. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या बायकांनी काय भरायचे, हा प्रश्न अर्ज सुरू झाल्यावर पुढे आला. मग मुदत वाढवावी लागली आणि त्यांच्यासाठी कागदपत्रे देण्याची वेगळी सोय जाहीर करावी लागली. या अर्जाच्या पोटातली नावे काय होती याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. पण 'पती किंवा वडील' असा एकच खण धरण्याऐवजी 'नाते कोणते' हा एक रकाना आणि 'त्या व्यक्तीचा आधार' हा दुसरा, अशी नावे ज्याला लिहावी लागतात त्याला नात्यांची यादी करावीच लागते, आणि यादी करताना 'दोघेही नाहीत' ही ओळ आपोआप सुचते.

यात मी काही नवीन सांगतो आहे असे नाही. आधारची आखणी चालू असताना, २००९ मध्ये, माजी केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नाव, पत्ता, जन्मतारीख यांचे रकाने कसे असावेत याचा अहवाल दिला. तमिळ, मराठी, ईशान्येकडील अशा सगळ्यांच्या नावांना एकच त्रिकूट लावता येणार नाही, म्हणून आधारमध्ये नाव अखंड एकाच रकान्यात ठेवले गेले. त्याहून मला आवडते ती जन्मतारखेची रचना. तारखेशेजारी आणखी एक छोटा रकाना आहे: ही तारीख पुराव्यानिशी आहे, सांगितलेली आहे की अंदाजाची? महाराष्ट्रात शाळामास्तरांच्या कृपेने एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. 'डेट_ऑफ_बर्थ' एवढेच नाव असलेल्या रकान्यात ही १ जून आणि प्रसूतिगृहाच्या नोंदीतली तारीख सारख्याच तोऱ्यात बसतात. शेजारच्या रकान्याने तो फरक जपला. आधारची सगळीच नावे अशी नेटकी नाहीत. नातेवाइकाचे नाव तिथे पत्त्याचा भाग म्हणून 'सीओ' नावाच्या रकान्यात जाते आणि नाते त्याच मजकुरात कोंबलेले असते. ते पुन्हा वेगळे काढायला प्रोग्रामरला कसरत करावी लागते. पण निदान कोणीतरी आधी बसून विचार केला आणि तो लिहून ठेवला. राज्याच्या अर्जांबाबत असा लेखी, सर्वांना वाचता येईल असा कोश मला हवा आहे.

आता गावाचे नाव. आमचे चंदगड हे गावाचे नाव आहे आणि तालुक्याचेही. अर्जात 'प्लेस' किंवा 'लोकेशन' नावाचा रकाना असला आणि त्यात 'चंदगड' भरले, तर तो माणूस बाजारपेठेत राहतो की पारगडाच्या पायथ्याच्या वाडीत, हे कळायला मार्ग नाही. कोल्हापूरचे तर शहर आणि जिल्हा या दोन्ही पातळ्यांवर तेच नाव आहे. आधारच्या पत्त्यात गाव-शहरासाठी एक आणि तालुक्यासाठी दुसरा रकाना आहे, म्हणून तिथे ही गफलत होत नाही. दुसरे असे की चंदगडला आता नगरपंचायत आहे. ज्या अर्जात 'ग्रामपंचायत' नावाचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तिथे चंदगड शहरातल्या माणसाला स्वतःची नसलेली कुठलीतरी ग्रामपंचायत निवडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. रकान्याचे नाव 'स्थानिक_स्वराज्य_संस्था' असते आणि तिचा प्रकार शेजारी असता, तर ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्यावर एक नोंद बदलून भागले असते.

सर्वांत अवघड प्रश्न जिल्ह्याचा आहे, आणि तो या तालुक्याइतका क्वचितच कुठे नेमका दिसेल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड हा मुंबई राज्यातल्या बेळगाव जिल्ह्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेत बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला आणि चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. जातीच्या दाखल्यासाठी वास्तव्याचा पुरावा लागतो तो अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे एकाच गावातल्या दोन घरांपैकी एकाच्या पणजोबाच्या शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा बेळगाव' असणार आणि दुसऱ्याच्या आजोबाच्या दाखल्यावर 'जिल्हा कोल्हापूर' असू शकतो. दोन्ही कागद खरे. अर्जातल्या रकान्याचे नाव नुसते 'डिस्ट्रिक्ट' आहे. तो जिल्हा आजचा की पुराव्याच्या दिवशीचा? महाराष्ट्र राज्य निवडल्यावर उघडणाऱ्या यादीत बेळगाव नाही. कर्नाटक निवडून बेळगावी घेतले, तर कागदोपत्री अर्जदार कुटुंबासह परराज्यातून आलेला ठरण्याची भीती. कोल्हापूर लिहिले, तर जोडलेल्या कागदाशी जुळत नाही. 'आजचा_जिल्हा' आणि 'पुराव्यावरचा_जिल्हा' अशी दोन नावे असती, आणि दुसऱ्या रकान्यात जुने जिल्हेही निवडता आले असते, तर तहसील कार्यालयातल्या माणसाला खुलासा मागावा लागला नसता. हा केवळ आमच्या कोपऱ्याचा प्रश्न समजू नये. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या जिल्ह्यांची नावे अलीकडेच बदलली आहेत. पुढची पन्नास वर्षे जुने आणि नवे नाव असलेले कागद एकाच अर्जाला जोडले जाणार आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि कोल्हापूर जिल्ह्याचा ५३० होता. असे संकेतांक आत साठवावेत आणि नाव फक्त दाखवण्यापुरते वापरावे, ही रीत संगणकात जुनी आहे. पण संकेतांक कोणत्या काळच्या जिल्ह्याचा, हे शेवटी रकान्याच्या नावालाच सांगावे लागते.

जमिनीच्या क्षेत्राचे तसेच. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते, बोलताना माणूस गुंठे आणि एकर बोलतो. 'एरिया' नावाच्या रकान्यात ०.४० हा आकडा आला तर ते हेक्टर धरले की सुमारे साडेएकोणचाळीस गुंठे होतात, एकर धरले की सोळा. काजूची बाग तीच, कागदावर निम्म्याहून कमी झाली. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोचून गमावले गेले, ते एका चमूने पौंडात दिलेला आकडा दुसऱ्याने न्यूटनमध्ये धरल्यामुळे. 'एरिया_हेक्टर' असे नाव ठेवायला काहीही खर्च येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आतले नाव नागरिकाला दिसतच नाही, मग त्याचा एवढा बाऊ कशाला. ते दिसत नाही हे अर्धेच खरे आहे. फायरफॉक्ससारखा ब्राउझर आधी टाइप केलेला मजकूर रकान्याच्या आतल्या नावाशी बांधून लक्षात ठेवतो. संकेतस्थळ कोणते होते ते तो पाहत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात रकाना ओढून ठेवला की त्याला 'टेक्स्टबॉक्स१' असे नाव आपोआप मिळते, आणि आळसाने ते तसेच राहिले की जगभरच्या 'टेक्स्टबॉक्स१'चा मजकूर एकत्र येतो. सेवा केंद्रातल्या संगणकावर दिवसभर वेगवेगळ्या माणसांचे अर्ज भरले जातात. मजकूर सुचवण्याची सोय मुद्दाम बंद केली नसेल, तर नावाच्या रकान्यात मघाच्या माणसाचा मोबाइल क्रमांक खाली लोंबकळताना दिसतो. म्हणजे आतले नाव अखेर बाहेर येतेच, आणि येते ते परक्याची माहिती घेऊन. शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा माहिती दुसऱ्याला देताना ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असण्याची जबाबदारी टाकतो. नवऱ्याचे नाव बापाच्या रकान्यात गेले तर ती अचूकता कुठे राहिली?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. कोट्यवधी नोंदी जुन्या रकान्यांत साठलेल्या आहेत, त्यांची नावे बदलायला गेलो तर चालू असलेल्या सेवा कोसळतील. म्हणूनच जुन्या रकान्यांना हात लावू नये असे मी म्हणेन. खात्याच्या आत 'मिडल_नेम' राहू द्या. माहिती खात्याबाहेर जाते त्या वेशीवर मात्र कोशातली नावेच चालतील असा नियम करा, आणि कोणत्या जुन्या नावाचे कोणते नवे नाव याचा एक तक्ता प्रत्येक खात्याने ठेवावा. यात एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल. जुन्या 'मिडल_नेम'मधले कोणते नाव वडिलांचे आणि कोणते पतीचे, हे यंत्राने नक्की सांगता येणार नाही. लिंग आणि वैवाहिक स्थिती पाहून अंदाज करता येतो, पण अंदाजाला वस्तुस्थिती म्हणून पुढे पाठवू नये. अशा नोंदींपुढे 'नाते अज्ञात' असे लिहून ठेवावे आणि ती व्यक्ती पुढच्या वेळी अर्ज करायला आली की विचारून घ्यावे. आधारने अंदाजी जन्मतारखेला तशी खूण केली, तिथे काही बिघडले नाही.

तिसरा आक्षेप भाषेच्या अभिमान्यांकडून येईल: कोश करायचाच तर नावे मराठीत का नकोत? पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषांत देवनागरीत नावे ठेवता येतात, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देवनागरी चालेल, सरळ इंग्रजीही चालेल. चालणार नाही ती रोमन लिपीतली मराठी, कारण तिचे स्पेलिंग कोणीच ठरवलेले नाही आणि 'वडिलांचे नाव' हे चार प्रोग्रामर चार तऱ्हांनी लिहितात. अपवाद फक्त तालुका, गट, खाते, हिस्सा अशा शब्दांचा. ते आपल्या महसुली कारभाराचे शब्द आहेत, त्यांचे इंग्रजी करण्याच्या भानगडीत पडू नये, मात्र प्रत्येकाचे एकच स्पेलिंग कोशात छापून टाकावे. दोन शब्दांमध्ये खालची रेघ द्यायची की दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करायचे, यावर प्रोग्रामर मंडळी तासन्‌तास भांडू शकतात. नाणे उडवून ठरवा.

आंतरराष्ट्रीय मानक आहेच की, तेच वापरू, असेही कोणी म्हणेल. वेबच्या एचटीएमएल मानकात ब्राउझरने आपोआप भरायच्या रकान्यांची यादी आहे. तीत स्वतःचे नाव, जादा नाव, आडनाव, टोपणनावसुद्धा आहे. वडिलांचे, आईचे, पतीचे नाव नाही. पासपोर्टवर तर धारकाच्या स्वतःच्या नावासाठी आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच खण आहेत, त्यामुळे मराठी माणसाच्या वडिलांचे नाव तिथे त्याच्या स्वतःच्या नावाला चिकटते आणि परदेशात तो बापलेकांच्या जोडनावाने ओळखला जातो. जिथे मानक आहे तिथे ते घ्यावे. नात्यांच्या, जागेच्या आणि जमिनीच्या बाबतीत ते आपल्यालाच करावे लागेल.

तेव्हा विनंती अशी. व्यक्तीचे नाव, नाते, जन्मतारीख, ठिकाण आणि जमिनीचे क्षेत्र एवढ्या पाच विषयांपुरता रकान्यांच्या नावांचा कोश विभागाने तयार करावा. प्रत्येक नावापुढे त्याचा अर्थ, एकक, कोणत्या काळची माहिती आणि रकाना रिकामा राहू शकतो का, हे साध्या मराठीत लिहावे. मसुदा सर्वांसाठी खुला करून हरकती मागवाव्यात, आणि त्या मागवताना प्रोग्रामरांबरोबर तलाठी, शाळेतले लिपिक आणि सेवा केंद्रचालक यांनाही बोलवावे, कारण कोणता रकाना कुठे अडतो हे त्यांना तोंडपाठ असते. महाआयटी या शासकीय महामंडळाच्या आणि खात्यांच्या यापुढच्या प्रत्येक निविदेत हा कोश पाळण्याची अट घालावी. १ मे २०२४ नंतर जन्मलेली पहिली मुले जून २०३० मध्ये पहिलीच्या वर्गात जातील. त्यांच्या प्रवेशअर्जात आईच्या नावाचा रकाना आईच्याच नावाचा असावा.

आपला,
वेब प्रोग्रामिंगचा एक व्यावसायिक,
चंदगड, जि. कोल्हापूर